एजंटाला पैसे देण्याआधी

चि. लेखिकाबाई,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा एजंट मिळाला म्हणून पेढे वाटायच्या बेतात आहेस असं कळलं. जरा थांब. हस्तलिखित नुसतं वाचायचे तो 25 हजार मागतोय ना? मग त्याचं गिऱ्हाईक तूच आहेस, हे ओळख. एजंटानं कमवायचं ते तुझ्या कमाईतून. ब्रिटन-अमेरिकेत देशातल्या करारावर साधारण 15 टक्के, परदेशी हक्क विकले तर 20. प्रकाशकानं एक लाख आगाऊ दिले तर त्यातले 15 हजार त्याचे. पुस्तक खपवता आलं नाही तर त्याच्याही हाती भोपळा. म्हणून तर तो तुझ्यासाठी घासाघीस करतो. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेत वाचनाचे पैसे घ्यायला सदस्यांना बंदीच आहे.

मराठीत ही जमात जवळपास नाहीच. फाइल काखोटीला मारून थेट प्रकाशकाकडे जायचं, चहा प्यायचा, दाखवतील तिथे सही करायची. मीही तेच केलं. सहा वर्षांनी माझ्याच कादंबरीचा हिंदी अनुवाद रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर दिसला. विकत घ्यावा लागला! प्रकाशकाकडे भांडायला गेलो तर त्यांनी करार पुढे केला: 'सर्व भाषांतील सर्व हक्क', खाली माझी झोकदार सही.

मग कायदा वाचला, म्हणजे वरातीमागून घोडं. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 तू आधीच वाच. हक्क द्यायचे ते लेखीच. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो परत येतो. माझ्या करारात मात्र मुदत होती, 'कॉपीराइट असेपर्यंत'. म्हणजे मी गेल्यावरही 60 वर्षं. नातवंडांचीसुद्धा सोय लावून ठेवली मी.

तुझी कादंबरी इंग्रजीत आहे, तेव्हा एजंट जरूर शोध. पण आधी ती पूर्ण कर. नव्या लेखकाची अर्धी कादंबरी कोणी हातात धरत नाही. त्यानं कोणाची पुस्तकं कुठे दिली ते विचार, आणि त्यांतल्या दोघांना फोन कर. त्याला सोडलंस तरी त्यानं विकलेल्या पुस्तकावरचं कमिशन त्याला मिळत राहणार, त्यावर वाद घालू नकोस. न लिहिलेल्या पुस्तकांवर मात्र त्याचा हक्क लिहून देऊ नकोस.

करार आला की सहीआधी मला पाठव. चष्मा नवा केलाय, बारीक अक्षरंही दिसतात आता.

तुझा,
काका