सोलापूर–पुणे सायकलवर: मुक्काम आधी ठरव

अरे, अडीचशे किलोमीटर पहिल्याच वेळी एका दमात नको. मोहोळला नाश्ता, टेंभुर्णीत जेवण आणि इंदापूरला मुक्काम. साधारण एकशेदहा किलोमीटर होतात, नवख्याला पुरे. लॉजला आदल्या दिवशी फोन कर, सायकल खोलीत घेऊ देतात का हे आधी विचार. मी एकदा विचारलं नव्हतं, रात्रभर डोळा लागला नाही.

खाण्याचं म्हणशील तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधूनच घे. आठवडाभर टिकते, वजन नाही, ढाबा लागेपर्यंत आधार होतो. भूक लागायची वाट बघू नकोस, तासातासाला थोडं खा. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर सावली धर. पंढरपूरमार्गे जाणार असशील तर एकादशी टाळ, खोली मिळत नाही.