सही करण्याआधी वाच

पोरी,

परवा तू हळूच विचारलंस, "ताई, बाळ मोठं होईस्तोवर मासिक सभेला ह्यांना पाठवलं तर चालेल का?" सासूबाई समोर होत्या म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते. नाही चालणार. सरपंच तू आहेस, तू नसलीस तर सभा उपसरपंच चालवतो. 'सरपंचपती' हे पद गावाने काढलंय, कायद्यात नाही. जमलं नाही तर खुशाल रजा घे, पण सही करायचा कागद स्वतः वाच.

नवरा चांगला आहे म्हणतेस. माझाही चांगलाच होता.

१९९७ साली महिला राखीव जागेवर मी सरपंच झाले. तेव्हा आपल्याला तिसरा हिस्सा होता, निम्म्या जागा २०११ नंतरच्या. पहिली दोन वर्षं पंचायतीचे चेक हेच घरी आणायचे, ग्रामसेवकाची सही झालेली असायची, मी कणीक मळता मळता माझी करायची. एकावर पिठाचा अंगठा उमटला. सगळे हसले, मीही हसले. तो चेक पाइपलाइनचा होता आणि पाइप जमिनीत गेलेच नव्हते. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "सही कोणाची?" ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून वाचायला लागले. सातवी शिकलेली बाई, एकेका ठरावाला अर्धा तास लागायचा. ह्यांनी आठ महिने बोलणं टाकलं. थोरला तापाने फणफणला त्या दिवशी मी पंचायत समितीत बसले होते. अजूनही काही दुखलंखुपलं तर तो फोन आत्याला करतो. हे मला बोचतं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी घरी थांबले असते तर दुसरा चेक गेला असता. तू म्हणशील, म्हातारी आपलंच खरं करतेय. करतेय!

डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या. तो फोटो तूच मला पाठवलास ना? विधानभवनात बाळ चालतं, मग आपल्या पंचायतीत काय वाघ बसलाय?

मंगळवारी मी येते. बाळ माझ्याकडे दे आणि मागच्या सभेच्या प्रोसिडिंगची वही मागून घे. शेवटच्या ठरावाखाली चार बोटं जागा कोरी सोडलेली असेल. आधी तिथे आडवी रेघ मार, मग सही कर.

तुझी,
ताई