सर्टिफिकेटवर नाव माझं, पैसे बुडाले तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न : मी सॉलिडिटी या प्रोग्रॅमिंग भाषेतला डेव्हलपर आहे. आमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये आम्ही मिळून स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा (म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या, लोकांचे क्रिप्टो पैसे हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचा) कोड तपासतो, मग मतदान होतं आणि पास झाला की प्रोजेक्टला 'सुरक्षित' असं सर्टिफिकेट देतो, खाली रिव्ह्यू करणाऱ्यांची नावं. फी आली की वाटून घेतो, ग्रुप कुठे रजिस्टर वगैरे नाही. उद्या हॅक झालं आणि लोकांचे पैसे गेले तर माझ्या अंगाशी येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येऊ शकतं, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त. कोडमधली चूक नजरेतून सुटणं हा धोका आहेच, पण मला जास्त काळजी वाटते ती 'फी वाटून घेतो' आणि 'रजिस्टर नाही' या दोन गोष्टींची. मिळून धंदा करायचा आणि नफा वाटून घ्यायचा याला आपल्याकडे १९३२ च्या कायद्यानुसार भागीदारी म्हणता येतं, कागद केलेला नसला तरी, आणि भागीदारीत फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो, म्हणजे वसुली करणारा एकट्या तुमच्याच दारात उभा राहू शकतो. अमेरिकेत बीझेडएक्स नावाच्या क्रिप्टो कर्जव्यवहाराच्या प्रोटोकॉलमधून हॅकमध्ये साडेपाच कोटी डॉलर गेले, तेव्हा २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने मतदानाचे टोकन (प्रोटोकॉलच्या निर्णयांत मत देण्याचा हक्क देणारी डिजिटल नाणी) धरणाऱ्यांना भागीदार समजून त्यांच्यावर दावा पुढे चालू शकतो असं म्हटलं. तो निकाल तिथला, पण 'आम्ही तर नुसती कम्युनिटी आहोत' हे म्हणणं कोर्टात कितपत टिकतं ते त्यातून कळतं.

आता तपासणीचं बोलू. युलर फायनान्स या क्रिप्टो कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलचा कोड एकदा नाही, अनेकदा ऑडिट झाला होता, तरी मार्च २०२३ मध्ये तिथून सुमारे १९.७ कोटी डॉलर गेले. नंतर जोडलेल्या एका फंक्शनमधून कुणीही आपल्या ठेवीतला भाग राखीव निधीला दान करू शकत होता, पण दान केल्यावर त्याच्या कर्जाला पुरेसं तारण उरलंय का हा चेकच नव्हता. हल्लेखोराने फ्लॅश लोन (एकाच व्यवहारात घेऊन फेडायचं, बिनतारणाचं कर्ज) घेतलं, प्रचंड कर्ज उभं केलं, दान करून स्वतःलाच दिवाळखोर बनवलं आणि आपल्याच दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टने ते खातं लिक्विडेट करून घेतलं, म्हणजे कर्ज उचलून त्याचं तारण सवलतीत ताब्यात घेतलं. एक चेक, एवढंच. (पैसे पुढे बरेचसे परत आले, तो भाग वेगळा.) तो बदल शेरलॉक या ऑडिट करून नुकसानीचं कव्हरही देणाऱ्या संस्थेने तपासला होता, आणि मला त्यांचं हे मनापासून पटतं की त्यांनी आमच्याकडून सुटलं असं सरळ मान्य केलं आणि ४५ लाख डॉलरचा क्लेम मंजूर केला, कारण त्यांच्याकडे त्यासाठी आधीच पूल (भरपाईसाठी बाजूला ठेवलेला निधी) होता आणि किती द्यायचं याची मर्यादा लिहिलेली होती. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, नुसती नावं आहेत.

म्हणून 'सुरक्षित' हा शब्द आधी काढा. सर्टिफिकेटवर कोणता कमिट हॅश (कोडच्या नेमक्या आवृत्तीची ओळखखूण) पाहिला, कोणत्या तारखेला, आणि काय पाहिलं नाही (ओरॅकल म्हणजे बाहेरचे भाव वगैरे माहिती पुरवणारी यंत्रणा, अ‍ॅडमिन की म्हणजे कॉन्ट्रॅक्टमध्ये बदल करू देणारी गुप्त किल्ली, नंतरचे अपग्रेड) हे लिहा, कोड बदलला की सर्टिफिकेट आपोआप रद्द. ग्रुपची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी करा. प्रोजेक्टशी लेखी करार करून नुकसानभरपाईला कमाल आकडा ठेवा, समजा मिळालेल्या फीइतका, आणि फीतला काही भाग पूलमध्ये टाका. पण करार फक्त प्रोजेक्टला बांधतो, सर्टिफिकेट बघून पैसे टाकणाऱ्या तिऱ्हाईताला नाही, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आणि दोष दिसूनही कुणी दाबला तर कोणताही डिस्क्लेमर वाचवणार नाही, तो उघड फसवणुकीचा मामला होतो.

मतदानाबद्दलही एक सांगतो, बहुमताने बग जात नाही. एकाने जरी गंभीर शंका काढली तरी ती मिटेपर्यंत सर्टिफिकेट थांबलं पाहिजे, आणि त्याचं म्हणणं रेकॉर्डवर राहिलं पाहिजे, उद्या वाद झालाच तर तोच माणूस काळजीने काम केल्याचं दाखवू शकेल.

हे सगळं होईपर्यंत नवीन सर्टिफिकेटवर नाव देऊ नका, आणि जुनी जी दिलीत त्यांचे कमिट हॅश शोधून आजच्या चालू कोडशी जुळतात का ते या आठवड्यातच बघा, जुळत नसतील तर प्रोजेक्टला लेखी कळवा. कराराचा मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.