अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्या मुलीला घास अडकतो, डॉक्टर पुन्हा फुगा घालून नळी रुंद करायची म्हणतात. सासूबाई नको म्हणतात. काय करावं?

करून घ्या. सासूबाईंचं वाचलं म्हणूनच लिहायला बसले.

माझा मुलगा सोलापुरातच झाला. तोंडाला फेस, पुसला की परत. नणंदबाई बोटावर मध घेऊन उभ्या, "आमच्यात पहिली चव मधाची." सिस्टरनी त्यांचा हात धरला आणि नळी घालून बघितली. दहा-बारा सेंटिमीटरवर अडली. एक्स-रेत नळीचं वेटोळं दिसलं. वरची अन्ननलिका बंद पिशवी, खालची श्वासनलिकेला जोडलेली. या दोषात बहुतेक बाळांचं असंच असतं. तो मध फुफ्फुसात उतरला असता.

बाळाला पुण्याला हलवलं. डोकं उंच, पिशवीतली लाळ सतत सक्शनने ओढत. हे सोबत गेले. मी टाके घेऊन इथेच खाटेवर आणि उशाशी नणंदबाई: "ग्रहणात विळी धरलीस, त्याचं हे." अन्ननलिका आणि श्वासनलिका वेगळ्या होतात गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात. ग्रहण लागलं तेव्हा मला सातवा होता! हे मी त्यांना भर बारशात सांगितलं. अजून रुसलेल्या आहेत, असू देत.

तर फुगा. ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेची दोन टोकं जोडतात, त्या जोडाच्या जागी व्रण आकसतो, म्हणून घास अडकतो. भूल देऊन दुर्बिणीतून करतात आणि बऱ्याच मुलांना परत परत लागतं, आमच्यालाही लागलं. ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. पोटातलं आम्ल कमी करायचं औषध दिलं असेल तर मनाने बंद करू नका. आम्ल वर येत राहिलं की जोड पुन्हा आकसतो. कडक भाकरी आमटीत पूर्ण भिजवून, घासागणिक पाणी. अख्खे शेंगदाणे अजिबात नाहीत. भुंकल्यासारखा खोकला बऱ्याचदा श्वासनलिका मऊ असल्याने येतो, दर वेळी कफच असतो असं नाही.

मी डॉक्टर नाही हं. फुग्याने क्वचित नळीला चीर जाते, म्हणून लहान मुलांचे सर्जन असतील तिथेच करा. लाळसुद्धा गिळता येईना तर रात्र असली तरी निघा.

आणि संमतीच्या कागदावर आईची सही चालते. सासूबाईंची कुणी मागत नाही.