हवाईचा सील आणि सांगलीची लेक

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत अकरावी सायन्सला आहे. तिनं मेडिकलला जावं अशी आमची इच्छा. पण हवाई बेटांवरच्या मंक सील या दुर्मीळ समुद्री प्राण्याबद्दल तिनं कुठेतरी पाहिलं आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय, मला यांच्यासाठीच काम करायचं आहे. आमच्या घराण्यात कुणी समुद्रावर पोट भरलेलं नाही. यात नोकरी आहे का? गणित सोडू का, असंही ती विचारते. आणि ती शिकून बाहेर पडेपर्यंत हा प्राणी शिल्लक तरी राहील का?
– एक पालक, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

हवाईयन मंक सील आज सुमारे १,६०० उरले आहेत. त्यातले १,२०० च्या आसपास वायव्येकडच्या दूरवरच्या, जवळजवळ निर्मनुष्य बेटांवर राहतात आणि ४०० च्या आसपास वस्ती असलेल्या मुख्य बेटांवर. कॅरिबियन समुद्रातल्या त्यांच्या भाऊबंदांची माणसानं तेलासाठी कत्तल केली. त्यांच्यातला शेवटचा १९५२ साली दिसला आणि २००८ साली अमेरिकेनं ती जात संपल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. हवाईतला सीलही त्याच वाटेनं चालला होता. १९७६ साली कायद्याचं संरक्षण मिळालं, तरी संख्या पुढची कित्येक वर्षं घटतच राहिली. २०१३ च्या सुमारास मात्र चित्र पालटलं आणि ती वर्षाला साधारण दोन टक्क्यांनी वाढू लागली. आज हयात असलेल्या सीलपैकी जवळपास तीस टक्के केवळ माणसांनी केलेल्या मदतीमुळे जगले, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. तेव्हा हा प्राणी शिल्लक राहील का, याचं उत्तर बऱ्याच अंशी हे काम करायला माणसं मिळतात का, यावर आहे.

हे काम कसं असतं ते तुम्ही दोघांनीही नीट समजून घ्या. व्हिडिओत दिसतो तो वाळूवर लोळणारा, गोल डोळ्यांचा सील. त्याच्यामागे राबणारी माणसं दिसत नाहीत. अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान खात्याचे, म्हणजे ‘नोआ’चे संशोधक दर हंगामात त्या दूरच्या बेटांवर जहाजानं उतरतात आणि काही महिने तंबूत राहतात. खाणंपिणं, औषधं, सगळं सोबत न्यावं लागतं. कपडे नवे कोरे हवेत आणि तेही आधी ४८ तास गोठवून ठेवलेले, म्हणजे एखादं परकं बी किंवा कीटक बेटावर पोचू नये. मग रोज किनारा पायी तुडवायचा. दिसेल तो सील मागच्या पायांच्या वल्ह्यांवरच्या बिल्ल्यावरून किंवा अंगावरच्या जखमांच्या खुणांवरून ओळखायचा आणि वहीत नोंदवायचा. जाळ्याच्या तुकड्यात मान अडकलेला दिसला तर सोडवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुमच्या लेकीला या कामाची गोडी लागेल का, हा माझ्या मते परीक्षेतल्या टक्क्यांपेक्षा मोठा प्रश्न आहे.

या नोंदींमधूनच कळलं की मरतात ती मुख्यतः लहान पोरं. पिल्लू जन्मतं काळंकुळं, पंधराएक किलोचं. आई पाच-सहा आठवडे त्याला पाजते आणि त्या काळात स्वतः बहुधा काहीही खात नाही. अंगावरच्या चरबीवर जगते. पिल्लू पाहता पाहता चौपट वजनाचं होतं आणि आई खंगत जाते. मग एक दिवस ती समुद्रात निघून जाते. पिल्लाला शिकार शिकवायला कुणी उरत नाही. साठवलेल्या चरबीवर तग धरून ते स्वतःच शिकतं. वायव्येच्या बेटांवर यातली कितीतरी पिल्लं पहिल्या दोन-तीन वर्षांत उपासमारीनं जातात. म्हणून अशा हाडं निघालेल्या पिल्लांना उचलून हवाईच्या मोठ्या बेटावर कोना इथल्या ‘के काई ओला’ या रुग्णालयात नेतात, मासे खाऊ घालून धडधाकट करतात आणि परत समुद्रात सोडतात. २०१४ साली सुरू झालेलं हे रुग्णालय खास मंक सीलसाठी बांधलेलं आहे.

मुख्य बेटांवर दुखणी वेगळी. मासेमारीचे गळ घशात अडकतात. मोकाट मांजरांच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जातो आणि सील दगावतात. पिल्लं देण्याच्या वयाच्या माद्या त्यात गेल्या की पुढची पिढीच तुटते. काही सील माणसांनी मुद्दाम मारले, हेही खरं आहे. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाच्या कुळातल्या विषाणूची साथ शिरली तर एवढीशी संख्या होत्याची नव्हती होईल, म्हणून २०१६ पासून त्यांना लस टोचायला सुरुवात झाली. मोकळ्या समुद्री सस्तन प्राण्यांना साथ येण्याआधीच अशी लस देण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न. आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये वलाका वादळानं ईस्ट आयलंड हे त्यांच्या बाळंतपणाचं छोटं बेटच जवळजवळ धुऊन नेलं.

आता ही यादी करिअरच्या नजरेनं वाचा. गळ काढणं आणि लस टोचणं हे पशुवैद्याचं काम. वहीतल्या नोंदींवरून संख्या वाढते की घटते हे सांगणं संख्याशास्त्र येणाऱ्याचं. कोळ्यांना आणि मांजरांना खाऊ घालणाऱ्यांना न दुखावता पटवणं, हे लोकांत मिसळणाऱ्याचं. मंक सीलसाठी काम करायचं म्हणजे यापैकी एक काम उत्तम यायला हवं. प्राण्यावर माया आहे, एवढ्यावर कुणी बेटावर नेत नाही.

म्हणून गणित सोडू देऊ नका. जीवशास्त्राबरोबर ते ठेवता येतं. वन्यजीव क्षेत्रात संख्याशास्त्रावाचून पान हलत नाही आणि आपल्याकडची मुलं नेमकी तिथेच मागे पडतात. तुमचा मेडिकलचा आग्रह आणि तिचं स्वप्न यांचं भांडण तर निदान दोन वर्षं लावायचं कारणच नाही. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेशही मेडिकलच्याच ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो. ती साडेपाच वर्षांची पदवी मुंबईत परळला मिळते, तुमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळलाही मिळते. सील नाही जमले, तरी पशुवैद्याला सांगली-कोल्हापुरात काम कमी पडत नाही. पोटापाण्याची चिंता असेल, तर मी हाच रस्ता पहिला सांगेन.

दुसरा रस्ता बीएस्सी प्राणिशास्त्र किंवा रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्यविज्ञान, आणि पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या ‘एनसीबीएस’ या जीवशास्त्र संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्रात एमएस्सी. तिथे जागा मोजक्याच, स्पर्धा कडक. नोकऱ्याही सुरुवातीला बहुतेक प्रकल्पापुरत्या, कंत्राटी. हे तिला आजच सांगा, लपवू नका.

हवाईबद्दलही स्पष्ट बोलते. नोआतल्या सरकारी नोकरीसाठी साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं. तिच्यासाठी खरा दरवाजा आहे तो तिथल्या विद्यापीठात पीएचडीचा. त्यासाठी घर गहाण ठेवू नका. चांगल्या प्रकल्पात निवड झाली तर फी आणि राहण्याखाण्याची सोय बहुतेक वेळा शिष्यवृत्तीतून किंवा सहायकाच्या मानधनातून होते. भरमसाट फी घेऊन ‘मरीन बायोलॉजी’चा चकचकीत डिप्लोमा देणारं कुणी भेटलं, तर लांबूनच नमस्कार करा.

भारताच्या किनाऱ्यावर सील नाहीत. पण तितकाच अडचणीत असलेला, समुद्री गवत खाणारा ड्यूगाँग आपल्याकडे आहे: मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात आणि अंदमान इथे. तमिळनाडूनं २०२२ साली पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र त्याच्यासाठी जाहीर केलं. वन्यजीव संस्थेचे संशोधक त्यावर काम करतात. मला विचाराल, तर तिचं या क्षेत्रातलं पहिलं काम हवाईत नसेल, तिथे असेल. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हंपबॅक डॉल्फिन आहेत, त्यांच्यावरही अभ्यास चालतो.

तोवर एक करा. येत्या हंगामात तिला मंडणगड तालुक्यातल्या वेळासला घेऊन जा. २००२ पासून तिथे सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आहेत. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला गर्दी होते, ते तिनं बघावंच. पण मुक्काम दोन दिवस वाढवा आणि पहाटे अंधारात किनारा चालून मादीच्या पावलांचा माग शोधणाऱ्यांबरोबर तिला जाऊ देतात का, ते विचारा. कितीला निघालो, किती चाललो, काय दिसलं, काय नाही दिसलं, हे तिनं स्वतःच्या हातानं लिहावं. ‘काहीच दिसलं नाही’ अशा पहाटेची नोंदही वगळू नये. परत आल्यावर तिसऱ्या दिवशीही तिला पुन्हा जावंसं वाटत असेल, तर ती पानं आणि तिचे बारावीपर्यंतचे विषय मला कळवा. पशुवैद्यकीय की प्राणिशास्त्र, हे आपण तिघं बसून ठरवू.