बहिर्वक्र भिंगाची प्रतिमा पडद्यावर धरताना

प्रतिमा कुठे पडेल हे काढायच्या सूत्रात आकडे घालण्याआधी भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूची रेखीव प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते ते, मोजून घ्या. खिडकीबाहेरचं १० मीटरवरचं झाड समोरच्या भिंतीवर रेखीव उमटेपर्यंत भिंग मागेपुढे करा आणि भिंग ते भिंत हे अंतर पट्टीने मोजा. १० सेंमी नाभीय अंतराच्या भिंगात चूक जेमतेम १ मिमी येते. सूर्यावर हा प्रयोग नको, कागद पेटतो.

आता मेणबत्ती. याच १० सेंमीच्या भिंगापासून ज्योत ३० सेंमीवर ठेवली की प्रतिमा पलीकडे १५ सेंमीवर, उलटी, निम्म्या उंचीची. २० वर ठेवली तर पलीकडे २० वरच, तेवढीच. १२ वर आणली की पडदा थेट ६० सेंमीपर्यंत न्यावा लागतो. प्रतिमा पाचपट मोठी, पण फिकी. बहुतेक जण अडकतात ते असं: ज्योत आणि पडदा यांच्यात ४० सेंमीपेक्षा कमी अंतर असेल, तर भिंग कुठेही सरकवा, स्पष्ट प्रतिमा मिळणारच नाही. नाभीय अंतराच्या चौपट जागा लागतेच. मेणबत्ती जळत जाते तशी ज्योत खाली येते, म्हणून भिंगाच्या मध्याशी तिची उंची अधूनमधून जुळवा.

अर्धं भिंग पुठ्ठ्याने झाकून जरूर पाहा. प्रतिमा कापली जात नाही, फक्त मंद होते, कारण ज्योतीच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण अख्ख्या भिंगावर पडतात.