लिन युतांग कोण होता? त्याला चीन आणि पश्चिमेतला दुवा का म्हणतात?

चिनी लेखक, पण थेट इंग्रजीत लिहून अमेरिकेला चीन समजावला म्हणून दुवा. आता दुवा म्हटलं की वाटतं ह्याला दोन्हीकडचं आधीपासून येत असणार, तर तसं अजिबात नव्हतं आणि मला तेच भारी वाटतं.

जन्म 1895 चा, फुजियान प्रांतातला. वडील पाद्री, शिक्षण सगळं मिशनच्या शाळांत, मग शांघायचं सेंट जॉन्स विद्यापीठ, त्यामुळे इंग्रजी फर्डं आणि घरच्या गोष्टींच्या नावाने बोंब. बायबलातल्या जोशुआच्या रणशिंगांनी जेरिकोची तटबंदी पडली हे पाठ, पण मंग च्यांगन्यूच्या रडण्याने चीनची भिंत ढासळली ही तिथे घराघरात सांगितली जाणारी कथा ह्याला मोठा होईपर्यंत माहीतच नव्हती. म्हणजे आपल्याकडे सावित्री-सत्यवान माहीत नसल्यासारखंच की! बीजिंगला शिकवायला गेल्यावर लाज वाटली, मग गडी जुन्या पुस्तकांच्या बाजारात दुकानदारांशी गप्पा मारत मारत आपलंच साहित्य शिकला. हार्वर्डची एम.ए. आणि जर्मनीतल्या लाइपझिगची डॉक्टरेट वगैरे नंतरचं.

शांघायला त्याने 1932 मध्ये विनोदी पाक्षिक काढलं, तिथे अमेरिकन लेखिका पर्ल बकशी ओळख झाली, तिने चीनवर इंग्रजीत लिहायला भरीला घातलं आणि 1935 ला 'माय कंट्री अँड माय पीपल' आलं. 1937 च्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ लिव्हिंग'ने तर अमेरिकेत धुमाकूळ घातला. देशावर जपानी बाँब पडत असताना हा चहा आणि लोळण्याचं सुख काय विकतोय अशी टीका होते, मला ती थोडीफार पटते. पण 1943 मध्ये ह्यानेच गोऱ्यांच्या साम्राज्यवादावर तोंडसुख घेतलं, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली, हे लोक विसरतात.

आणि टाइपरायटर! हजारो चिनी अक्षरं फक्त 72 कळांवर छापणारं यंत्र त्याने 1947 ला बनवलं, पुस्तकांची सगळी कमाई त्यात घातली, वर कर्ज. टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीच्या साहेबांसमोर दाखवायला नेलं तर ऐनवेळी कळा दाबून काहीच हलेना. दुरुस्त झालं, पण बाजारात कधी आलंच नाही. एकुलता एक नमुना हरवला असंच सगळे धरून होते, तो 2025 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका तळघरात सापडला, आता स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे आहे.

वाचायचं तर 1937 च्या पुस्तकापासून सुरू करा, बायकांबद्दलची काही मतं खटकतील, ती पानं खुशाल उलटा.